शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा : वाचकांचे प्रश्न

घरातील आजारी, अपंग किंवा वृद्ध माणसाची वर्षानुवर्षे विनामोबदला काळजी घेणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक धर्मादाय संस्थांविषयी या सदरात एक टिपण आले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : पक्षाघातानंतर माझे वडील तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांचे सगळे मीच करते. एका संस्थेची कार्यकर्ती घरी आली, तेव्हा वडिलांची चौकशी तिने दोन वाक्यांत आटोपली आणि मला विचारले, ‘तुम्ही सलग किती तास झोपता?’ मला तो प्रश्न विचित्र वाटला आणि थोडा रागही आला. आजारी ते आहेत, मी नाही. अशा संस्थेला माझ्याकडून नेमके काय हवे असते?

त्या कार्यकर्तीचा प्रश्न विचित्र नव्हता. तो तीन वर्षे कोणी विचारला नाही, हे विचित्र आहे. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि भेटायला येणारे नातेवाईक हे सगळे आपल्या वडिलांविषयी विचारत आले आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या व्यक्तीच्या पाठीवर आणि झोपेवर ही सारी व्यवस्था उभी आहे, तिची नोंद त्यामुळे कुठेच झाली नाही. ‘सलग’ या शब्दालाही कारण आहे. कूस बदलण्यासाठी, लघवीचे भांडे देण्यासाठी किंवा नुसती हाक आली म्हणून रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या माणसाच्या झोपेची बेरीज कदाचित सहा तास भरेल, आणि म्हणूनच तो ‘झोप होते तशी’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. पण तुकड्यातुकड्यांची ती झोप शरीराला पुरत नाही.

ही केवळ सहानुभूतीची बाब नाही. अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या 13 स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची बारीकशी जखम मुद्दाम करून ती भरून येण्यास किती दिवस लागतात हे पाहिले गेले. त्याच वयोगटातील इतर स्त्रियांच्या तुलनेत त्यांना सरासरी नऊ दिवस अधिक लागले. पुढे 1999 साली वृद्ध जोडप्यांच्या अभ्यासात असे आढळले की, जोडीदाराची काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्या मृत्यूचा धोका चार वर्षांच्या काळात, काळजी घेण्याची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी अधिक होता. याच्या नेमके उलट वाटावे असा निष्कर्षही आहे : 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात घरच्यांची काळजी घेणाऱ्यांचा मृत्युदर इतरांहून 18 टक्क्यांनी कमी निघाला. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. आपल्या माणसाची काळजी घेणे हे मुळात घातक नाही. त्यातून समाधान आणि बळही मिळते. घातक ठरतो तो न मोजलेला आणि कोणाशीही न वाटून घेतलेला ताण. ती कार्यकर्ती तोच मोजू पाहत होती.

आपल्या भाषेत ‘काळजीवाहू’ हे विशेषण बहुधा सरकारच्याच वाट्याला येते, आणि घरात हे काम करणाऱ्याला नाव नसतेच. तो मुलगी असतो, सून असतो, नवरा असतो. संस्थेच्या नोंदवहीतील पान मात्र आपल्या वडिलांच्या नावाचे नसते, ते आपल्या नावाचे असते. संस्थेला आपल्याकडून हवे असलेच तर एवढेच, की त्या पानावर खरी माहिती लिहिली जावी.

प्रश्न : संस्थेने आठवड्यातून एकदा एक स्वयंसेविका पाठवण्याची तयारी दाखवली आहे. ती माझ्या पत्नीजवळ दोन-तीन तास बसेल आणि मी बाहेर जाऊ शकेन. पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. तिला परक्या बाईच्या हाती सोपवून आपण फिरायला जायचे, हे मला पटत नाही. शिवाय तेवढ्या वेळात मी करू तरी काय?

या सेवेला संस्थांमधील मंडळी ‘विसावा’ म्हणतात. सल्ला, माहितीपत्रके, शिबिरे आणि फोनवरील दिलासा या सर्वांचा उपयोग असतोच, परंतु काळजी घेणाऱ्या माणसाला ज्याची खरी टंचाई असते ती वेळेची, आणि वेळ देणारी सेवा ही एवढी एकच आहे. म्हणूनच ती चालवणे सर्वांत अवघड असते आणि पुष्कळ संस्था ती टाळतात. आपल्याकडे ती चालून आली आहे, तेव्हा नाकारण्यापूर्वी ती कशी राबवली जाते ते समजून घ्यावे.

कोणतीही जबाबदार संस्था पहिल्याच दिवशी आपल्याला घराबाहेर पाठवत नाही. पहिल्या दोन-तीन भेटींत आपण घरातच राहावे, स्वयंसेविकेने आपल्या देखत पत्नीशी ओळख करून घ्यावी, आणि पत्नीला कशाने बरे वाटते, कशाने ती बिथरते, संध्याकाळी ती ‘घरी जायचे आहे’ असे म्हणू लागली की आपण काय करता, हे सारे आपल्याकडून शिकून घ्यावे. यात शिकवणारे आपण असता, हे आपल्या ध्यानात आलेले दिसत नाही. चौथ्या भेटीत आपण अर्धा तास बाहेर जाऊन या, पाचव्या भेटीत तासभर. वार आणि वेळ शक्यतो बदलू नये आणि व्यक्तीही तीच असावी, कारण स्मृतिभ्रंशात नाव आठवत नसले तरी चेहऱ्याची आणि आवाजाची ओळख मागे राहू शकते. एका वहीत आपला फोन क्रमांक, डॉक्टरांचा क्रमांक, औषधांच्या वेळा आणि पत्नीच्या सवयी लिहून ठेवाव्यात. स्वयंसेविकेने काय करायचे नाही हेही त्याच वहीत असावे : औषधाची मात्रा बदलायची नाही, पैशांना हात लावायचा नाही, आणि पत्नी पडल्यास एकटीने उचलायचे नाही. संस्थेने तिची पूर्वचौकशी केली आहे का आणि तिला प्रशिक्षण दिले आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. या प्रश्नाने ज्या संस्थेला राग येतो, तिच्याकडून सेवा न घेतलेलीच बरी.

आता त्या दोन तासांत करायचे काय. आपल्याला हा प्रश्न पडावा, याचाच अर्थ विसाव्याची वेळ कधीच टळून गेली आहे. बहुतेक जण पहिले काही आठवडे हा वेळ राहिलेल्या कामांतच घालवतात. बँकेत जातात, औषधे आणतात, आणि स्वतःची पुढे ढकललेली रक्तदाबाची तपासणी करून घेतात. त्यात काही चूक नाही. काही जण नुसते झोपतात, आणि तेही उत्तमच. अपराधीपणाची भावना मात्र कोणाच्या समजावण्याने जात नाही, ती सवयीनेच बोथट होते. आपण परतल्यावर पत्नी शांत बसलेली दिसली की निम्मी जाते, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. क्वचित एखाद्याला ती शांत दिसली याचेच वाईट वाटते. तेही मानवी आहे, आणि स्वयंसेविकेला ते सांगितले तरी चालते.

प्रश्न : मी अविवाहित आहे, एवढ्या एका कारणावरून आईची जबाबदारी न बोलता माझ्याकडे आली. भाऊ आणि बहीण पैसे पाठवतात, फोन करतात, सूचना तर भरपूर करतात, पण एक रात्रही कोणी येऊन राहत नाही. घरातल्या अशा गोष्टीत बाहेरच्या संस्थेने पडणे योग्य आहे का?

या क्षेत्रातील संस्थांचा इतिहासच आपल्या पत्रापासून सुरू होतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ब्रिटनमध्ये मेरी वेबस्टर या अविवाहित धर्मोपदेशिकेने आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी आपले काम सोडले होते. अशा अवस्थेतील स्त्रियांविषयी त्यांनी 1963 साली वृत्तपत्राला पत्र लिहिले, आणि त्याला आपल्यासारख्याच असंख्य स्त्रियांचा प्रतिसाद आला. त्यातून 1965 साली अविवाहित स्त्रिया आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले आप्त यांच्यासाठी एक संघटना उभी राहिली. आज केअरर्स यूके या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा उगम तिच्यातच आहे. घरात एकटी मुलगी असेल तर तिला वेगळे आयुष्य नाहीच, हे गृहीतक जुने आणि दूरवर पसरलेले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगात दररोज 16.4 अब्ज तास विनामोबदला घरकामात आणि काळजीच्या कामात खर्च होतात आणि त्यांतील 76.2 टक्के तास स्त्रियांचे असतात.

संस्थेने यात पडावे का? माझ्या मते अवश्य पडावे, परंतु न्यायाधीश म्हणून नव्हे. न्यूयॉर्कमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या 406 जोडीदारांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला गेला. त्यांतील निम्म्यांसाठी समुपदेशनाच्या सहा बैठका झाल्या, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांपैकी चार बैठका संपूर्ण कुटुंबासह होत्या. त्यानंतर आधारगट आणि गरज पडेल तेव्हा फोनवर सल्ला, एवढीच मदत होती. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातील रुग्णांना कायमचे निवासी शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे 557 दिवसांनी पुढे गेली. यात ना नवे औषध होते, ना यंत्र. कुटुंबातील माणसांना एकत्र बसवून बोलते केले होते.

बैठकीला जाण्यापूर्वी एक तयारी आपण करावी. सलग सात दिवस, दिवस आणि रात्र, कोणत्या वेळी काय केले हे लिहून काढावे. ‘मी एकटीच मरते आहे’ या वाक्याला भावंडांपाशी उत्तर असते, पण ‘मंगळवारी रात्री सव्वाएक, पावणेतीन आणि साडेचार वाजता उठले’ या नोंदीला नसते. आणि मागणी करताना ‘मदत करा’ असे म्हणू नये; महिन्यातून कोणते दोन दिवस आणि कोणी, हे विचारावे. जो दूरदेशी आहे त्याला डॉक्टरांच्या भेटी ठरवणे, विम्याची कागदपत्रे पाहणे, रात्रीच्या मदतनिसाचा खर्च उचलणे आणि ती न आल्यास दुसरी शोधणे ही कामे दुरूनही करता येतात. संस्थेचा माणूस मध्ये बसलेला असला की जुनी उणीदुणी निघण्याचे प्रमाण बरेच कमी होते, हा त्याचा खरा उपयोग आहे.

प्रश्न : आम्ही काही निवृत्त मित्र अशी संस्था स्थापन करू इच्छितो. सुरुवात म्हणून दर वर्षी काही आदर्श काळजीवाहकांचा जाहीर सत्कार करावा, असा विचार आहे. आपले मत कळवावे.

आपला हेतू चांगला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. सत्कार करू नये. सत्काराला यायचे तर मागे रुग्णाजवळ कोण बसणार, ही विवंचना त्या सत्कारमूर्तीला आदल्या रात्रीपासून लागते. आणि एकदा ‘आदर्श’ म्हणून हार घातला गेला की ‘मी थकले आहे, मला चिडायला होते’ हे सांगण्याची वाटच बंद होते. कौतुकाचा एक शब्द कोणाला नको असतो असे नाही, पण तो घरी, खुर्चीत बसून, निवांत सांगावा.

सुरुवात लहान ठेवावी. ठरावीक वारी, ठरावीक वेळी उचलला जाणारा एक फोन आणि त्यापलीकडे ऐकून घेणारा माणूस, एवढे जमले तरी पहिले वर्ष सार्थकी लागेल. शुश्रूषा या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ मागाहून आला. फोनवर बसणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, कारण निवृत्त माणसांना सल्ला देण्याची घाई फार असते. (मीही निवृत्तच आहे.)

दुसरे काम रुग्णोपयोगी साहित्याचे. हवेची गादी, चाकांची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची या वस्तू काही महिन्यांपुरत्या लागतात आणि नंतर माळ्यावर पडून राहतात. त्या गोळा करून उसन्या देणे सोपे आहे, परंतु नुसती वस्तू देऊन काम संपत नाही. हवेच्या गादीवर झोपवले की कूस बदलावी लागत नाही हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. त्वचेवरचा लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते, आणि अशा जागी चोळणे वा मालिश करणे अपायकारक असते. रुग्णाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये. अंगाखाली दुमडलेली चादर ठेवून दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून सरकवावे. गादी पोहोचवायला जाणाऱ्या स्वयंसेवकाला यातील प्रत्येक गोष्ट करून दाखवता आली पाहिजे. पाठदुखीने आडवी झालेली काळजीवाहक ही संस्थेपुढची दुसरी रुग्ण ठरते.

कोणाला किती मदत हवी हे ठरवण्यासाठी स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली तयार केलेली, काळजी घेणाऱ्यावरील ताण मोजणारी प्रश्नावली आजही वापरली जाते. तिच्या रूढ आवृत्तीत 22 प्रश्न आहेत, प्रत्येकाला 0 ते 4 गुण आणि एकूण जास्तीत जास्त 88; गुण जितके अधिक तितका ताण अधिक. ती वापरण्याची परवानगी आणि प्रशिक्षित व्यक्ती उपलब्ध असेल तरच वापरावी. एरवी झोप, पाठ, राग आणि एकटेपणा यांविषयी चार साधे प्रश्न पुरतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे ‘आयसपोर्ट’ हे 23 पाठांचे प्रशिक्षण साहित्य आहे, तेही पाहावे.

मनुष्यबळाची चिंता आपण करत असाल, तर केरळचे उदाहरण पाहा. 1993 साली कोझिकोडमध्ये वेदनामुक्ती आणि परिहार सेवेसाठी (गंभीर आजारातील त्रास हलका करणाऱ्या सेवेसाठी) एक संस्था स्थापन झाली. रुग्णाला दवाखान्यात आणण्यापेक्षा शेजाऱ्यांनीच त्याच्या घरी जावे, या विचारातून त्या शतकाच्या अखेरीस तेथे स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, आणि 2008 साली राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. स्वयंसेवकाकडून अपेक्षा होती आठवड्यातून दोन तासांची, आणि तेही प्रशिक्षण घेतल्यानंतर. नियमित दोन तास देणारी दहा माणसे ही उत्साहाच्या भरात सबंध दिवस देऊ करणाऱ्या तिघांपेक्षा अधिक भरवशाची असतात, कारण ती तिघे तिसऱ्या महिन्यात दिसेनाशी होतात. आणि घरात पाहिलेले, ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हा नियम पहिल्या दिवशीच लेखी करून घ्यावा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. माझ्या वर्गातील चौदा वर्षांचा एक मुलगा वरचेवर उशिरा येतो आणि वर्गात पेंगतो. चौकशी केल्यावर कळले, की आजारी आईचे सर्व तोच करतो. संस्थेला कळवू का? मुलगा ‘कोणाला सांगू नका’ म्हणतो.

मुलाला विश्वासात घेतल्याशिवाय कळवू नका, पण त्याच्या विनंतीमुळे गप्पही बसू नका. अशा मुलांना बहुधा एकच भीती असते, की बाहेर कळले तर आपली आणि आईची ताटातूट होईल. संस्था आईला मदत करण्यासाठी येते, घर मोडण्यासाठी नाही, हे त्याला आणि त्याच्या आईलाही आपण समजावून सांगावे आणि पहिल्या भेटीला शक्यतो स्वतः सोबत असावे. त्याला वा आईला तातडीचा धोका दिसत असेल, तर मात्र संमतीसाठी थांबू नये आणि तसे त्याला आधीच सांगून ठेवावे.

असा मुलगा हा अपवाद नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2021 च्या जनगणनेत विनामोबदला काळजी घेणाऱ्यांची मोजणी वय वर्षे 5 पासून केली गेली आणि ती संख्या सुमारे 50 लाख भरली. मोजणीला पाचव्या वर्षापासून सुरुवात करावी लागते, एवढ्यावरूनच काय ते कळते. संस्थेने प्रथम पाहावे ते हे, की आईची अंघोळ, स्वच्छता आणि औषधांचा हिशेब ही कामे मुलाकडून काढून प्रौढ व्यक्तीकडे कशी सोपवता येतील. भाजी आणणे, आईशी गप्पा मारणे ही कामे त्याच्याकडे राहू द्यावीत, कारण आपण आईच्या उपयोगी पडतो याचा त्याला अभिमानही असतो आणि तो हिरावून घेऊ नये. शाळेच्या बाजूने गृहपाठाची मुदत आणि गरज पडल्यास आईला फोन करण्याची परवानगी, एवढ्या दोन सवलती आपण उद्याच देऊ शकता. वर्गासमोर त्याचे कौतुक मात्र करू नका.

प्रश्न : आठ वर्षे आईचे केले. दोन महिन्यांपूर्वी ती गेली. संस्थेतून अजून दर आठवड्याला फोन येतो. आता मी कोणाचीही काळजीवाहक नाही, तेव्हा त्यांचा वेळ घेणे मला बरोबर वाटत नाही. तसेच त्यांची गादी आणि खुर्चीही अजून माझ्याकडेच आहे.

फोन घेत राहा. आठ वर्षे ज्या वेळापत्रकावर आपला दिवस बेतलेला होता ते एका दिवसात नाहीसे झाले आहे. रात्री दोन वाजता आपोआप जाग येणे, बाहेर पडल्यावर अकारण घाई होणे, आणि सुटल्यासारखे वाटले म्हणून स्वतःचाच राग येणे, हे या काळात बहुतेकांना होते. नातेवाईक दिवसकार्य आटोपून आपापल्या घरी जातात. संस्थेचा फोन त्यानंतरच खरा उपयोगाचा ठरतो, आणि चांगल्या संस्था तो मुद्दाम चालू ठेवतात. झोप महिनोन्‌महिने परत आली नाही किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर मात्र फोनवर न थांबता डॉक्टरांकडे जावे, आणि तसे त्या कार्यकर्तीला सांगावे.

आपल्याला स्वयंसेविका व्हावेसे वाटेल आणि कोणी तसे सुचवेलही. निदान एक वर्ष तरी होकार देऊ नका. दुसऱ्याच्या आईच्या उशाशी बसताना आपली आईच दिसत राहिली, तर ते दोघांनाही जड जाते.

गादी आणि खुर्ची आज ना उद्या कोणाला तरी लागेल हे खरे आहे. परंतु ती खोली रिकामी करण्याचा दिवस आपण ठरवायचा आहे. त्या दिवशी शक्यतो बहिणीला किंवा मैत्रिणीला बोलावून घ्या, आणि संस्थेचा माणूस सामान न्यायला येईल तेव्हा गादीच्या पंपाची नळी त्यांना दाखवा, कारण ती कोठून गळते हे आठ वर्षांत फक्त आपल्यालाच ठाऊक झालेले असणार.